मातीचं देणं

आजचा श्लोक : गीता, अध्याय ३, श्लोक १२

या श्लोकात भगवंत फार कडक शब्द वापरतात : चोर. देवांनी दिलेलं भोगायचं आणि त्यांना परत काहीच द्यायचं नाही, असा माणूस चोरच, असं ते अर्जुनाला सांगतात. आपण मात्र वाचून सहज पुढे जातो. मी कुठे कोणाचं चोरलंय? जेवणाआधी नैवेद्य तर दाखवतोच की!

पण परत द्यायचं म्हणजे नेमकं काय? विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं दिली (साने गुरुजींनी ती लिहून घेतली, केवढं आपलं भाग्य!). सतराव्या अध्यायावर बोलताना त्यांनी यज्ञ थेट जमिनीवर आणून ठेवलाय. पीक घेतलं की जमीन झिजते. ती झीज भरून काढणं हाच यज्ञ.

आता आपला सकाळचा चहा घ्या. त्यातली साखर उसाची. कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यात, शिरोळ, वाळवा, मिरज या भागांत कितीतरी काळी रानं क्षारपड झालीत. ऊस वर्ष-दीड वर्ष उभा, पाटाचं पाणी भरपूर, निचरा कमी. जमिनीखालचं पाणी वर चढतं, उन्हाने उडून जातं आणि त्यातले क्षार मागे राहतात. रानावर पांढरा थर दिसायला लागतो. उपाय माहीत नाहीत असं नाही. जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालून निचरा करता येतो, ठिबक वापरता येतं, ताग-धैंचा गाडता येतो. हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघतं, ते न पेटवता सरीतच कुजवता येतं.

मग शेतकरी हे सगळेच का करत नाहीत? फ्लॅटमध्ये बसून असं विचारणं सोपं आहे. निचऱ्याचं पाणी ओढ्यापर्यंत न्यायचं तर शेजाऱ्यांची रानं मध्ये येतात. खंडाने रान करणाऱ्याला पुढच्या वर्षी ते आपल्याकडे असेल की नाही हेच ठाऊक नसतं, तो त्यात पैसा कशाला घालेल? तागासाठी दीड-दोन महिने रान अडवायचं, तर तो खर्च आपण मोजतो त्या भावात धरलेला असतो का? मला तरी वाटतं, ‘चोर’ हा शब्द रानात नाही, आपल्या ताटाशी येऊन थांबतो.

पूर्वी पिकलेलं बरंचसं गावातच खाल्लं जायचं. शेण, राख, पालापाचोळा उकिरड्यात आणि तिथून पुन्हा रानात. आता भाजी ट्रकने शहरात येते. साली, देठ, अगदी देवाचं निर्माल्यसुद्धा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून डम्पिंग ग्राउंडवर जातं. याच अध्यायात पुढे भगवंत ज्या चक्राबद्दल बोलतात, ते आपल्या कचऱ्याच्या डब्यात तुटतं.

“मी ऑरगॅनिकच घेते,” असं कोणी म्हणेल. चांगलंच आहे. पण ते फक्त माझ्या तब्येतीसाठी असेल, तर तेही घेणंच झालं ना?

घरी खत करून तुळशीला घालणारे बरेच जण आहेत. तुळस आनंदात असेल, पण कोथिंबीर ज्या रानातून आली तिथे अजून काहीच पोचलेलं नाही. तुमच्या सोसायटीचं खत एखाद्या शेतापर्यंत जात असेल, तर ते कसं जमवलंत हे जरूर कळवा.

उद्या तेरावा श्लोक, फक्त स्वतःपुरतं रांधणाऱ्यांबद्दलचा.