पथ्य आणि मोह

मौजे शिरवणे हे गाव सरकारी दफ्तरात आता नवी मुंबईतील एक गावठाण म्हणून कायम असले, तरी 1970 साली सिडकोची स्थापना होऊन 95 गावांच्या जमिनींचे संपादन सुरू झाले त्यापूर्वी भातखाचरे, मिठागरे आणि खाडी यांच्याच आधारावर या टापूतील गावांचा प्रपंच चालत असे. आणि तांदळाची भाकरी, सुकट, जवळा यांची रुची येथील आगरी घरांतून अद्याप लोपलेली नाही. शेजारच्या बहुमजली इमारतीत बिऱ्हाड थाटलेला एखादा सद्गृहस्थ या आहारास तामस ठरवून मोकळा होतो, तेव्हा मला तिबेटी वैद्यकाचे स्मरण होते.

2010 साली ‘सोवा-रिग्पा’ या नावाने आपल्या कायद्याची मान्यता पावलेले हे वैद्यक देहाचा कारभार लुंग, त्रिपा आणि बेकेन या त्रयीकडे सोपविते. वात, पित्त, कफ यांच्याशी तिचे साम्य पाहून नवल वाटू नये. कारण आयुर्वेदाचे जे ‘अष्टांगहृदय’ अण्णा मोरेश्वर कुंटे यांनी संपादून मुंबईच्या निर्णयसागराने छापले, तेच कित्येक शतके आधी रिन्छेन झांगपो (958–1055) या भाषांतरकाराने तिबेटी भाषेत नेले होते. जठराचे चार भाग कल्पून दोन अन्नास, एक पेयास द्यावा आणि चौथा रिता राखावा, हा दंडक दोहींकडे एकच; मासळी आणि दूध एकत्र न घेण्याचा निर्बंधही तोच, जो आपल्याकडील कित्येक घरांत ग्रंथाचे पान न उलगडताही पाळला जातो.

परंतु ‘ग्युशी’ हा तिबेटी मूलग्रंथ याच्याही मुळाशी जातो: रागातून म्हणजे आसक्तीतून लुंग, द्वेषातून त्रिपा, मोहातून बेकेन, आणि या सर्वांची जननी अविद्या. मग रोगाचे बीज जर चित्तात, तर वाडग्यातील सातूच्या पिठाची चिकित्सा कशासाठी? तरीही उपचारांच्या क्रमात आधी आहार, मग विहार, त्यानंतर औषध आणि अखेरीस बाह्योपचार, असाच त्या ग्रंथाचा हुकूम आहे. मला याचा अर्थ असा दिसतो की, राग, द्वेष आणि मोह यांची झडती नित्य घ्यावयाची, तर ताटाइतकी सोयीची जागा दुसरी नाही: आपल्या ताटाची हाव, दुसऱ्याच्या ताटाचा तिटकारा, आणि दोहींचे कारण न उमगणे.

शीत, रुक्ष पठारावर लोण्याचा चहा लुंगास आवरतो. खाडीकाठच्या आनूप प्रदेशात तीच स्निग्धता कफास निमंत्रण देईल. पथ्य देशागणिक बदलते, व्याधीचे मूळ मात्र बदलत नाही. आणि स्वतःच्या पथ्यास सर्वांचा धर्म समजणारा गृहस्थ नेमका हाच हिशेब उलटा मांडतो. त्याचे अन्न कदाचित निर्दोष असेल. परंतु जठराचा चौथा भाग रिता राखणाऱ्याने मनातही तेवढी जागा मोकळी ठेविली नाही, तर ग्युशीच्या निदानाप्रमाणे तो बेकेनचाच रुग्ण ठरेल.