अत्यवस्थ रुग्ण आणि चिठ्ठीचा न्याय

तान टॉक सेंग या व्यापाऱ्याच्या देणगीतून १८४४ साली सिंगापुरात गोरगरिबांसाठी एक रुग्णालय स्थापन झाले. १८६०च्या सुमारास ते सेरंगून रोड आणि बॅलेस्टिअर रोडच्या कोपऱ्यावर आले, जवळजवळ अर्धे शतक तिथेच होते आणि १९०९मध्ये तिथून फार लांब नसलेल्या मोलमीन रोडवर गेले. २००३ साली सार्सची साथ आली तेव्हा २२ मार्चला सरकारने याच तान टॉक सेंग रुग्णालयाला सार्सचे रुग्णालय ठरवले. त्या साथीत सिंगापुरात २३८ जणांना लागण झाली, ३३ दगावले आणि बाधितांपैकी सुमारे ४१ टक्के रुग्णालयांतलेच कर्मचारी होते. शोध, विलगीकरण आणि शिस्त यांच्या बळावर शहराने साथ मोडून काढली, याचे कौतुक योग्यच आहे. पण एक साधा प्रश्न तसाच राहिला. या आजाऱ्यांना जी औषधे दिली, त्यांतले नेमके कोणते लागू पडले? जगभरात ८,०९६ रुग्ण आणि ७७४ मृत्यू झाल्यानंतरही त्याचे उत्तर कुणाकडे नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेच्या विनंतीवरून झालेला आढावा २००६मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात स्टेरॉइडवरच्या २९ अभ्यासांपैकी २५ अनिर्णित ठरले आणि उरलेल्या चारांत अपायाची शक्यता दिसली. रिबाविरिन या विषाणुरोधक औषधाचीही गत तीच: ३०पैकी २६ अनिर्णित, चारांत अपायाचा संशय. हजारो माणसांनी यातना सोसल्या, पण पुढच्या रुग्णाच्या उपयोगी पडेल असे त्यातून काही हाती लागले नाही.

हे डॉक्टरांच्या हलगर्जीमुळे घडले असे कुणी म्हणणार नाही. समोर माणूस गुदमरत असताना जे हाताशी आहे ते देऊन पाहावे, असेच त्यांना वाटले आणि आपल्याही घरच्या माणसासाठी आपण तेच मागितले असते. माझे म्हणणे एवढेच की कोणता उपचार बरा हे वैद्यकाला खरोखर माहीत नसते, तिथे दोन उपचारांची शिस्तशीर तुलना करणे हा रुग्णसेवेचाच भाग आहे. तुलना टाळून प्रत्येकाला मनाला येईल ते देणे वरवर दयेचे वाटते, पण तोही प्रयोगच असतो. फरक इतकाच की त्याची नोंद राहत नाही आणि त्याचा निष्कर्ष कधीच निघत नाही.

अतिदक्षता विभागात नजरेची फसगत होण्याची कारणे ठरलेली आहेत. तिथले काही रुग्ण काहीही केले तरी वाचत नाहीत, तर काही औषधाशिवायही सावरतात. ज्याची प्रकृती सर्वांत वाईट, त्यालाच जास्त औषधे मिळतात. मग तो दगावला तर दोष आजाराला आणि वाचला तर श्रेय औषधाला जाते. कोणाला कोणता उपचार द्यायचा हे चिठ्ठी टाकून ठरवले, तर डॉक्टरची आशा, नातेवाइकांचा दबाव आणि ऐपत हे तिन्ही घटक बाजूला पडतात आणि दोन गटांत उपचाराखेरीज मोठा फरक उरत नाही. डोक्याला मार लागलेल्यांना सूज उतरावी म्हणून वर्षानुवर्षे स्टेरॉइड दिली जात होती. ‘क्रॅश’ चाचणीत दहा हजारांवर रुग्णांची तुलना झाली आणि २००४मध्ये कळले की दोन आठवड्यांत स्टेरॉइड घेतलेल्यांपैकी २१.१ टक्के मरण पावले, न घेतलेल्यांपैकी १७.९ टक्के. पूर्व आफ्रिकेतल्या ‘फीस्ट’ चाचणीचा निकाल तर अंगावर काटा आणणारा होता. तापाने फणफणलेल्या, रक्ताभिसरण मंदावलेल्या ३,१४१ मुलांत शिरेतून भराभर द्रव देण्याची पद्धत तपासली गेली. ती इतकी सर्वमान्य होती की तिच्याविषयी शंका घेणेही विचित्र वाटे. पण द्रव दिलेल्या मुलांपैकी साडेदहा टक्के ४८ तासांत दगावली आणि न दिलेल्यांपैकी ७.३ टक्के. ही चाचणी झाली नसती तर पुस्तकात लिहिले आहे म्हणून, उत्तम हेतूने, आपण मुले गमावतच राहिलो असतो.

सार्स आणि कोविड यांच्यामधल्या सतरा वर्षांत काय बदलले ते आता पाहू. ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीत पहिला रुग्ण मार्च २०२०मध्ये दाखल झाला आणि १६ जूनला डेक्सामेथासोनचा निकाल हाती आला. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर आले, नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांत २६.२वरून २३.३वर. ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता त्यांना फायदा झाला नाही, उलट नुकसानाची शंका आली. सार्समध्ये जो प्रश्न अनुत्तरित राहिला, तोच स्टेरॉइडचा प्रश्न इथे तीन महिन्यांच्या आत सुटला, तोही एका जुन्या, स्वस्त गोळीच्या बाबतीत आणि कोणाला द्यावी, कोणाला देऊ नये या तपशिलासह. सिंगापूरही मागे राहिले नाही. तान टॉक सेंगच्या शेजारी २०१९मध्ये सुरू झालेले राष्ट्रीय संसर्गजन्य रोग केंद्र रेमडेसिविरच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत सामील झाले. दहा देशांतल्या १,०६२ रुग्णांच्या त्या चाचणीत बरे होण्याचा मध्यक काळ पंधरा दिवसांवरून दहावर आला, पण मृत्यूंमधला फरक निर्णायक ठरला नाही.

भारताचा आणि महाराष्ट्राचा अनुभव याच्या शेजारी ठेवला तर चाचणी करणे जितके महत्त्वाचे, तितकेच तिचे ऐकणे महत्त्वाचे हे पटते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने एप्रिल ते जुलै २०२०मध्ये ३९ रुग्णालयांतल्या ४६४ रुग्णांवर, कोविडमधून बरे झालेल्यांच्या रक्तातून काढलेल्या प्लाझ्माची ‘प्लॅसिड’ चाचणी केली. भर साथीत, अपुऱ्या साधनांनिशी झालेले हे काम अभिमान बाळगावा असे आहे. आजार बळावणे किंवा मृत्यू येणे यांचे प्रमाण प्लाझ्मा घेतलेल्यांत १९ टक्के होते, न घेतलेल्यांत १८. म्हणजे उपयोग शून्य. हा निकाल ऑक्टोबर २०२०मध्ये छापून आला, पण देशाच्या उपचारसूचीतून प्लाझ्मा वगळायला १७ मे २०२१ उजाडले. तोवर नातेवाईक दात्यांसाठी वणवण फिरत होते. एप्रिल २०२१मध्ये रेमडेसिविरच्या कुपीसाठी राज्यभर औषध दुकानांसमोर रांगा लागल्या, काळाबाजार झाला. आणि मृत्यू टळण्याच्या बाबतीत या औषधाचा परिणाम जवळजवळ दिसत नाही, हे आरोग्य संघटनेच्या ‘सॉलिडॅरिटी’ चाचणीने सहा महिने आधीच सांगितले होते. दुसरीकडे ऑक्सिजनची गरज नसलेल्यांना घरबसल्या स्टेरॉइड दिली गेली आणि म्युकरमायकोसिसच्या लाटेला त्यामुळे हातभार लागला. पुरावा होता, पण तो दवाखान्यापर्यंत आणि औषधाच्या चिठ्ठीपर्यंत पोहोचवणारी व्यवस्था नव्हती.

अत्यवस्थ रुग्णांवरच्या अशा चाचण्यांवर पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप संमतीचा. जो शुद्धीवर नाही तो होकार कसा देणार? आणि हादरलेल्या नातेवाइकाने दहा पानी अर्जावर केलेल्या सहीला होकार तरी कसे म्हणायचे? हा आक्षेप खोडून काढता येत नाही, त्यातून वाट काढावी लागते. ‘फीस्ट’मध्ये जिवावर बेतलेल्या मुलांच्या पालकांकडून आधी तोंडी होकार घेतला आणि प्रकृती स्थिरावल्यावर सविस्तर संमती. सिंगापूरच्या कायद्यातही आणीबाणीच्या प्रसंगी कडक अटींवर आधी संमती न घेता संशोधन करण्याची तरतूद आहे. अशा सवलतीला तीन अटी तरी हव्यातच: दोन्ही उपचार तज्ज्ञांना खरोखर समतुल्य वाटत असावेत, नीतिसमितीने आराखडा आधीच पारखलेला असावा, आणि शुद्धीवर आल्यावर रुग्णाला बाहेर पडण्याचा बिनशर्त हक्क असावा. शिवाय चाचणीबाहेरच्या रुग्णाला तर संमतीचा अर्ज देऊन औषध निवडायला कुणी सांगत नाही, हे विसरून चालणार नाही. अंदाजाने दिलेल्या औषधाला नुसती मान डोलावलेली चालते आणि तपासून दिलेल्या औषधाला दहा पाने लागतात, या विषमतेचे समर्थन अवघड आहे.

दुसरा आक्षेप सत्तेचा. सेरंगून रोडवर रविवारी जमणारे तमिळ आणि बंगाली मजूर २०२०मध्ये वसतिगृहांत अडकून पडले होते आणि त्या वर्षाअखेरीस त्यांच्यातल्या ४७ टक्क्यांना कोविड होऊन गेल्याचे दिसले. त्याच वसतिगृहांतल्या तीन हजारांवर माणसांवर प्रतिबंधक औषधांची चाचणी झाली. परवाना, नोकरी आणि राहती खोली मालकाच्या हाती असलेला माणूस ‘नाही’ म्हणू शकतो का, ही शंका रास्त आहे. भारतातही तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्ममच्या मुलींवर झालेल्या एचपीव्ही लशीच्या प्रकल्पाने २०१०मध्ये हीच जखम उघडी केली. पण म्हणून गरिबांना संशोधनातून वगळायचे ठरवले, तर पुरावा श्रीमंतांच्या शरीरांचा जमेल आणि औषध मात्र गरिबांवर अंदाजाने चालेल. वगळण्यापेक्षा संरक्षण द्यावे: मालकाशी संबंध नसलेल्या माणसाने त्याच्या भाषेत समजावणे, तुलनेतल्या दुसऱ्या गटालाही पूर्ण शुश्रूषा, अपाय झाल्यास भरपाई आणि चाचणीत यशस्वी ठरलेले औषध त्याच समूहाला आधी.

तिसरा आक्षेप अनुभवी डॉक्टरांचा: प्रत्येक रुग्ण वेगळा, सरासरीच्या आकड्याचे मी काय करू? यात तथ्य आहे आणि ‘रिकव्हरी’नेच ते दाखवले, कारण तिथे एकच औषध एका गटाला तारक तर दुसऱ्याला निरुपयोगी ठरले. मात्र हा फरक कळला तो हजारो रुग्णांच्या तुलनेतून. एका डॉक्टरच्या आयुष्यभराच्या आठवणीतून तो कळला नसता. एका शहराची संख्याही त्याला पुरत नाही. सिंगापूरच्या २३८ सार्स रुग्णांतून, कितीही काटेकोर चाचणी केली असती तरी, पक्के उत्तर निघाले नसते. म्हणून देशोदेशींच्या रुग्णालयांचे जाळे हवे आणि ते साथ येण्याआधी विणलेले हवे.

या जाळ्याला काम शोधावे लागणार नाही. जुलै २००९मध्ये सिंगापूरच्या डॉक्टरांच्या पुढाकाराने सोळा आशियाई देशांतल्या १५० अतिदक्षता विभागांची पाहणी झाली. गंभीर जंतुदोषाच्या १,२८५ रुग्णांपैकी ४४.५ टक्के वाचले नाहीत. साथ नसतानाही आपल्या अतिदक्षता विभागांत रोज उत्तर नसलेले प्रश्न येतात: द्रव किती द्यावा, प्रतिजैविक किती दिवस चालू ठेवावे, रक्तदाब कुठे राखावा. ससून, केईएम, नागपूरचे शासकीय महाविद्यालय अशा मोठ्या रुग्णालयांत या साध्या प्रश्नांची तुलना रोजच्या कामाचा भाग झाली, नीतिसमित्यांनी सामायिक आराखडे आधीच मंजूर करून ठेवले आणि निकाल लागताच उपचारसूची बदलण्याची जबाबदारी नाव घेऊन कुणावर तरी टाकली, तर पुढच्या साथीत पहिल्या आठवड्यापासून शिकता येईल. याला लागणारा पैसा रेमडेसिविरच्या काळ्या बाजारात गेलेल्या पैशापुढे मोठा नाही. आजवर कमी पडली ती आपल्याला माहीत नाही हे वेळेवर मान्य करण्याची तयारी. ती तयारी नसलेल्या व्यवस्थेत अत्यवस्थ माणसावर प्रयोग होतच राहतात, फक्त त्यांचा हिशेब कुणी देत नाही.