पंक्तिप्रपंच

जरा बसा. फोन उपडा ठेवा. डोळे मिटायची सक्ती नाही, ज्योतीकडे बघायचं नाही की श्वास मोजायचा नाही. आज मन टेकवायला एक टोमॅटो पुरे.

हा टोमॅटो बोटीवरचा आहे. साल १९४४, ऑगस्ट महिना. अल्जीरिया-मोरोक्कोचे शिपाई इटलीतली लढाई मागे टाकून फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्याकडे निघालेत. जेवणाची रांग लागली आहे. गोऱ्या शिपायाच्या ताटात टोमॅटो पडतो. मागून आफ्रिकी शिपाई ताट पुढे करतो, तर वाढपी म्हणतो, तुला नाही. त्याचं या माणसाशी वैर नाही. वर कुणीतरी तसं ठरवलंय आणि हा वाढतोय, एवढंच.

रशीद बुशारेबच्या ‘अँदिजेन’ या सिनेमातला हा प्रसंग. २००६ चा सिनेमा, पैसा फ्रान्स, मोरोक्को, अल्जीरिया आणि बेल्जियम अशा चार देशांचा. इटलीतल्या डोंगरावरची लढाई बुशारेबने दणदणीत घेतली आहे. तोफा, धूर, दगडांआड कोसळणारी माणसं, सगळं आहे. पण खरं सांगायचं तर ती लढाई मला आता तुकड्यातुकड्यांनी आठवते. टोमॅटो सबंध आठवतो.

आता त्या पुढे केलेल्या ताटाकडे बघा. माणसाकडे नको, फक्त ताटाकडे. ते मागे घ्यायचं, की तसंच धरून ठेवायचं? मागे घेतलं तर आपण मागितलं होतं हेच लाजिरवाणं होऊन बसतं. धरून ठेवलं तर रांग खोळंबते आणि मागचेच ओरडतात. पंगतीत असं झालेलं कुणी पाहिलं असेल तर त्याला हे वेगळं सांगायला नको. तूप शेजारच्या पानापर्यंत येतं आणि आपलं पान ओलांडून पुढे जातं. आपल्याकडे याला शब्द आहे, पंक्तिप्रपंच. उपाशी ठेवणं हा त्याचा अर्थ नाही. पोट भरतंच, पण पानावर बसवून, सगळ्यांदेखत, तुझी पायरी कुठली ते दाखवलं जातं.

इथे थोडं रेंगाळा.

सिनेमात पुढे काय होतं? अब्देलकादेर नावाचा कॉर्पोरल टोमॅटोची पेटी खाली घेतो आणि बुटांनी तुडवतो. गडबड होते, गोष्ट कप्तानापर्यंत जाते आणि हुकूम सुटतो की टोमॅटो सगळ्यांना द्या. बरं वाटतं. बघताना मलाही वाटलं. तरी लगेच उठू नका. टोमॅटो मिळाले, पण द्यायचे की नाही हे ठरवणारा अजून तोच आहे. पळी त्याच्याच हातात आहे.

‘अँदिजेन’ म्हणजे तिथलेच, मूळचे. नुसता ऐकला तर शब्द निरुपद्रवी. पण फ्रेंच वसाहतींत तो कायद्याचा शब्द होता. अल्जीरियात १८८१ पासून ‘अँदिजेन’ लोकांसाठी वेगळे नियम होते, वेगळ्या शिक्षा होत्या; नागरिक कोण आणि नुसता रहिवासी कोण, याची ती रेघ. आपल्या पणजोबांच्या कानावरही असाच एक शब्द पडायचा, नेटिव. ‘बॉम्बे नेटिव इन्फंट्री’ अशी पलटणींची नावंच होती. दोन्ही शब्द मनातल्या मनात शेजारी ठेवा आणि हळू उच्चारा. ज्याची भूमी त्यालाच कुणी बाहेरून येऊन ‘इथला’ म्हणतो, तेव्हा त्या ‘इथला’मध्ये केवढी उंची-खोली भरलेली असते.

आता ताट बाजूला ठेवा आणि एक पत्र घ्या.

मेसाऊद नेमबाज आहे. मार्सेयमध्ये त्याला इरेन भेटते. गोरी मुलगी, आणि ती त्याच्याशी माणसासारखी वागते. याचाच त्याला आधी विश्वास वाटत नाही. पलटण पुढे सरकते. तो तिला पत्रं लिहितो, ती त्याला लिहिते. पत्रं सेन्सॉरच्या टेबलावर अडतात, कारण एक अरब आणि एक फ्रेंच मुलगी यांच्यातला मजकूर तिथल्या साहेबांना पसंत नाही. दोघांनाही कळत नाही. त्याला वाटतं तिने सोडलं, तिला वाटतं त्याने. गोळी लागून मेलेल्यांची सिनेमात मोजदाद होते. हे मरण कुठल्या यादीत घालायचं?

पत्र अडवणं बुशारेबच्या मनातून उगवलेलं नाही. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानी शिपाई फ्रान्समध्ये लढत होते, तेव्हा त्यांची पत्रंही फोडून वाचली जात, उतारे इंग्रजीत करून अहवालाला जोडले जात. त्यांत मराठी पत्रंही आहेत. ते अहवाल लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत जपून ठेवलेत. गंमत बघा, जी पत्रं नीट घरी पोचली ती माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत कसर लागून गेली. जी परक्या नजरेखाली आली, ती परक्या भाषेत का होईना, टिकली. यावर मला रागही धड येत नाही, आभारही मानवत नाहीत.

सईदकडे वळू. मेंढ्या राखणारा, लिहिता-वाचता न येणारा, सार्जंट मार्तिनेझचा हरकाम्या झालेला. भूमिका जामेल दबूझने केली आहे. दबूझचा उजवा हात लहानपणीच्या अपघातापासून निकामी आहे, म्हणून साऱ्या सिनेमाभर, लढाईतसुद्धा, सईदचा एक हात खिशात दिसतो. सिनेमा त्याचं काहीच स्पष्टीकरण देत नाही. एवढ्या धुमश्चक्रीत तो खिशातला हात शोधत राहिलात, तर बाकीचं आपोआप शांत होतं. करून बघा.

मार्तिनेझच्या खिशात एक फोटो असतो. त्याची आई अरब आहे आणि हे त्याने लपवलंय. सईदला तो फोटो सापडतो आणि बिचारा आनंदाने बोलून जातो, की आपण एकाच रक्ताचे. मार खातो. यावर मी जास्त बोलत नाही. ज्याच्या घरात असा एखादा फोटो भिंतीवरून उतरवून ट्रंकेत गेला असेल, त्याने स्वतःच बसून बघावं.

आता एका अवघड जागी थांबायचं आहे. सिनेमा इथे थांबत नाही, म्हणून आपण थांबू. मे १९४४ मध्ये मोंते कासिनोजवळची जर्मन फळी फुटली. त्यात जनरल अल्फोन्स ज्यूँच्या फ्रेंच सैन्याचा, आणि डोंगर चढण्यात तरबेज अशा मोरोक्कन गूमिए शिपायांचा मोठा वाटा होता. त्यानंतरच्या दिवसांत याच शिपायांतल्या अनेकांनी आसपासच्या खेड्यांतल्या बायकांवर अत्याचार केले, मोठ्या प्रमाणावर. इटालियनमध्ये त्यासाठी आजही वेगळा शब्द आहे, ‘मारोक्किनाते’. सिनेमाने हे वगळलं, आणि माझ्या मते ते त्याचं उणं आहे. ज्याचं पान ओलांडलं गेलं तो पुढच्या घरात शिरून काय करेल, याची हमी कुणी देऊ शकत नाही. हे मनात धरा आणि टोमॅटोवरचा त्या माणसाचा हक्क यामुळे कमी होतो का, ते तपासा. मला विचाराल तर होत नाही. पण हे उत्तर देताना आवाज थोडा खाली येतो, आणि तो तसाच यावा.

त्याच उन्हाळ्यात, त्याच इटलीत, रायगडच्या माणगाव तालुक्यातला एक नाईक होता, यशवंत घाडगे. १० जुलै १९४४ ला टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्याच्या तुकडीतले सगळे पडले आणि तो एकटाच मशिनगनवर धावून गेला. बंदुकीचं मॅगझीन बदलायला वेळ नव्हता, म्हणून शेवटी दस्त्याने मारलं. मग लपलेल्या नेमबाजांनी त्याला टिपलं. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. कबर मात्र नाही. कासिनोच्या स्मारकावर नाव कोरलंय. सिनेमातल्या अब्देलकादेरला निदान साथीदारांच्या कबरी आहेत. साठ वर्षांनी म्हातारा होऊन तो आल्झासच्या दफनभूमीत येतो, एकेका नावापाशी थांबतो, आणि मग आपल्या एका खोलीत परत जातो.

त्या खोलीत थोडा वेळ बसा. लहान आहे. सामान जेमतेम आहे.

म्हातारा असा का राहतो, याचं उत्तर कायद्यात आहे. वसाहती स्वतंत्र होऊ लागल्या तसा १९५९ मध्ये फ्रान्सने कायदा करून तिथल्या माजी सैनिकांची पेन्शन गोठवली. एकाच खंदकातले दोघे. फ्रेंच माणसाची पेन्शन महागाईबरोबर वाढत गेली, दुसऱ्याची होती तिथेच राहिली. म्हणजे पुन्हा तेच, तुला नाही. २००१ मध्ये फ्रान्सच्याच सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने हा भेदभाव असल्याचं सांगितलं, तरी सरकारं चालढकल करत राहिली. मग हा सिनेमा आला. पाच नटांना मिळून कानमध्ये अभिनयाचं पारितोषिक मिळालं. राष्ट्राध्यक्ष जाक शिराक यांनी तो प्रदर्शनाआधी पाहिला आणि २७ सप्टेंबर २००६ ला, सिनेमा थिएटरांत लागला त्याच दिवशी, लढवय्यांची आणि अपंगत्वाची पेन्शन सारखी करण्याचा निर्णय जाहीर झाला. सुमारे ८०,००० माणसं, वीसहून अधिक देशांतली. सिनेमाने एवढं केल्याची उदाहरणं कमीच. मात्र मधल्या वर्षांची थकबाकी त्यात नव्हती. आणि तोवर कितीतरी जण हयातीचा दाखला द्यायला उरलेच नव्हते.

आता परत बोटीवर चला.

तीच रांग, तोच वाढपी. आतापर्यंत तुम्ही कुठे उभे होतात? बहुतेक त्या आफ्रिकी शिपायाच्या जागी. मीही तिथेच होतो. तिथे उभं राहणं आपल्याला सोपं जातं. या खेपेला एक पाऊल पुढे सरका, त्याच्या पुढच्या माणसाच्या जागी. ज्याच्या ताटात टोमॅटो पडला त्याच्याकडे आपण कुणी बघितलंच नव्हतं. तोही दमलेला आहे, त्यालाही उद्या मरायचं असेल. त्याने काही हिसकावलेलं नाही. ताट थोडं जड झालंय. मागून आवाज येतो, तुला नाही.

तुमची पाठ त्या आवाजाकडे आहे. ताट दोन्ही हातांत आहे. बसायला जागा समोरच मोकळी आहे.