पिवळ्या दिव्याजवळ

करंजाच्या धक्क्यावर उभे आहात असं समजा. रेवसला जाणारी लाँच यायला वेळ आहे. मोटरसायकल साइड स्टँडवर आहे आणि मीटरवर एक पिवळा दिवा पेटलेला आहे, वर्तुळात ‘एबीएस’ अशी अक्षरं असलेला. उरण शहरातून निघालात तेव्हापासून तो विझलेला नाही. आता चावी बंद करा. हेल्मेट काढून आरशावर अडकवा. लाँच येईपर्यंत दुसरं काही करायचं नाही, फक्त या दिव्याचा विचार करायचा.

आधी मनात काय उठतं ते पाहा. बहुतेकांच्या मनात पहिलं उठतं, ‘ब्रेक गेले.’ त्याच्या मागोमाग, ‘आता किती खर्च?’ दोन्ही विचार येऊ द्या, जाऊ द्या. मग पुढच्या ब्रेकचा लिव्हर सावकाश दाबा. कडक लागतो का? दाबून धरल्यावर हँडलपर्यंत सरकत तर नाही ना? पायाचा ब्रेकही तसाच दाबून बघा. डबीतल्या ब्रेक ऑइलची पातळी बघा. हे सगळं जागेवर असेल तर तुमचे ब्रेक शाबूत आहेत. लिव्हर मऊ पडला असेल, तेल उतरलं असेल, तर मात्र मनन वगैरे बाजूला ठेवा आणि गाडी चालवूच नका.

ब्रेक आहेत, तरी दिवा आहे. मग तो कशाबद्दल बोलतोय?

डोळे मिटा आणि पावसातला जासईचा रस्ता आठवा. पुढे कंटेनरचा ट्रेलर, त्याच्या चाकांतून उडणारं चिखलाचं पाणी. ट्रेलर अचानक थांबतो. तुमची मूठ आवळली जाते. चाक फिरत असतं तोवर रबराचा जो तुकडा रस्त्याला टेकलेला असतो, तो रस्त्याला धरून असतो. चाक जाम झालं की तोच तुकडा घसरायला लागतो. पुढचं चाक जाम झालं तर हँडल वळवूनही गाडी वळत नाही आणि पुढच्याच क्षणी ती आडवी होते. एबीएसचं काम या क्षणापुरतंच. चाकाचा वेग एकाएकी कोसळतोय असं दिसलं की ते ब्रेकचा दाब जरा सोडतं, पुन्हा देतं, पुन्हा सोडतं, सेकंदाला कितीतरी वेळा. बोटांना तेव्हा लिव्हरमध्ये धडधड जाणवते.

यासाठी त्या यंत्रणेला एकच गोष्ट कळावी लागते: चाक किती वेगाने फिरतंय. डिस्कच्या आतल्या बाजूला दातेरी किंवा खाचांची एक रिंग असते. तिच्यासमोर, साधारण मिलीमीटरभर अंतरावर, सेन्सर बसलेला असतो. खाचा समोरून जातात तसे तो ठोके पाठवतो. ठोके आले की वेग कळतो. ठोके आलेच नाहीत, अर्धवट आले, किंवा पुढचं चाक एक सांगतंय आणि मागचं भलतंच, असं झालं की एबीएसचा कॉम्प्युटर काय करतो याकडे जरा लक्ष द्या. तो अंदाज बांधत नाही. दाट धुक्यात किनारा दिसेनासा झाला की शहाणा तांडेल ‘असेल इथेच कुठेतरी’ म्हणत बोट पुढे दामटत नाही, तसंच हे. ब्रेकचा ताबा तो पूर्णपणे तुमच्या हातात परत देतो, आणि दिल्याचं दिव्याने कळवतो. चुकीच्या माहितीवर ब्रेक सोडला गेला तर काय होईल याची कल्पना करा, म्हणजे या माघारीचं मोल कळेल. माझ्या मते अख्ख्या मोटरसायकलवर याइतका प्रामाणिक भाग दुसरा नाही.

एबीएसची कल्पना विमानांकडून आली. ओल्या धावपट्टीवर चाकं जाम होऊ नयेत म्हणून डनलॉपने मॅक्सारेट नावाची यंत्रणा केली होती. 1958 मध्ये ब्रिटनच्या रस्ते संशोधन प्रयोगशाळेने ती चक्क एका रॉयल एनफील्ड सुपर मीटिअरवर बसवून पाहिली. चाचण्या चांगल्या झाल्या, पण रॉयल एनफील्डला त्यात भविष्य दिसलं नाही. बाजारातल्या मोटरसायकलवर एबीएस यायला 1988 उजाडलं, तेही बीएमडब्ल्यूच्या के-100 वर. आपल्याकडे 2011 साली टीव्हीएस अपाचेवर ते आलं आणि 1 एप्रिल 2019 पासून 125 सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या दुचाकींना सक्तीचं झालं. म्हणजे आज चाळिशीत असलेला उरणकर आयुष्यातली बरीच वर्षं या दिव्याशिवायच गाडी चालवत होता. हे लक्षात घेतलं की छातीतली धडधड जरा खाली बसते.

आता चावी पुन्हा फिरवा. दिवा लागला. लागणारच, चावी फिरवली की तो लागायलाच हवा. उभ्या गाडीवर तो विझत नाही, कारण चाकं फिरल्याशिवाय ठोके येणार कुठून? गाडी पाच-दहा किलोमीटरच्या वेगाने जरा पुढे गेली, दोन्ही चाकांचा हिशोब जुळला, की तो विझतो. अंगणात गाडी उभी करून ‘दिवा जातच नाही’ म्हणून घाबरलेली माणसं कमी नाहीत. दुसरा एक फसवा प्रकार आहे. चेनला तेल देताना गाडी डबल स्टँडवर घेऊन गिअरमध्ये चालू ठेवली, तर मागचं चाक गरगर फिरतं आणि पुढचं स्थिर राहतं. दोन्ही चाकांना सेन्सर असलेल्या गाडीला यातून दोष असल्याचा संशय येतो आणि ती दिवा लावते. अशा वेळी चावी बंद करून पुन्हा चालू करायची आणि थोडं अंतर चालवून पाहायचं. काही गाड्यांमध्ये मागच्या चाकाचं एबीएस बटणाने बंद करता येतं. कच्च्या रस्त्यासाठी तुम्हीच ते बंद करून विसरलात का, हेही एकदा आठवा.

तरी दिवा राहिला, तर पुढच्या चाकाजवळ उकिडवे बसा. इथे घाई करू नका, कारण बहुतेक उत्तरं याच वीतभर जागेत असतात.

रिंगकडे बघा. चाक हाताने हळूहळू फिरवा. रिंग एखाद्या ठिकाणी सेन्सरच्या जवळ येते, दुसऱ्या ठिकाणी लांब जाते, असं होतंय का? मग ती वाकली आहे. एखादा दाता मोडलाय का? खाचांमध्ये चिखल वाळून बसलाय का? सेन्सरच्या टोकाकडे बघा. त्यात चुंबक असतो, म्हणून डिस्क झिजून पडणारी लोखंडी भुकटी त्याला चिकटून राहते. पिरवाडी किंवा नागावच्या वाळूवर गाडी घातली असेल, तर त्या भुकटीत ओली वाळूही कालवली गेलेली असणार. मऊ ब्रशने, कोरड्या फडक्याने ते साफ करा. तेलाचा फवारा मात्र इथे मारू नका. तो डिस्कवर उडाला तर दिवा विझवण्याच्या नादात खरोखरचे ब्रेक घालवून बसाल.

आता सेन्सरपासून निघालेली वायर बोटाने चाचपत वर या. शॉकअपशेजारी ती क्लिपमध्ये आहे का? टायरला घासतेय का? हँडल एकदा पूर्ण डावीकडे, एकदा पूर्ण उजवीकडे वळवा. कुठे ताणली जातेय? वायर जिथे संपते तिथे कप्लर असतो. माझा पहिला संशय, उरणपुरता तरी, या कप्लरवर असतो. ज्या तालुक्यात पिढ्यान्‌पिढ्या मिठागरं पिकली, तिथली हवा कोणत्या कप्लरला सोडेल? खारा दमटपणा आत शिरतो, पिनांवर हिरवट थर चढतो, आणि ठोके इतके क्षीण होतात की वर पोचेपर्यंत ओळखू येत नाहीत. सकाळी दिवा नाही, दुपारी आहे, पावसात हमखास आहे, अशी लहरी तक्रार असेल तर बहुधा हेच. कप्लर उघडा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, वाळू द्या, ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत परत बसवा. गाडी धुणाऱ्याला सांगा की प्रेशरचं पाणी इथे मारू नकोस.

मग स्वतःला एक प्रश्न विचारा: दिवा लागायच्या आधी गाडीला कोणाचा हात लागला होता? पंक्चर काढलं, टायर बदलला, बेअरिंग टाकलं? चाक काढताना रिंगला पान्हा लागतो, वायर चिमटते, स्पेसर उलटा बसतो. चार दिवसांपूर्वी चाक निघालं होतं हे गॅरेजमध्ये सांगितलंत, तर मेकॅनिकचा अर्धा दिवस वाचतो. बॅटरी कमजोर असली तरी दिवा लागतो, आणि एबीएसचे फ्यूज वेगळे असतात. एवढं बघून ठेवा.

यापलीकडचं काम स्कॅनरचं. स्कॅनर कोड दाखवतो, ‘पुढच्या चाकाचा सिग्नल नाही’ अशा अर्थाचा. इथे पुन्हा जरा थांबा. सिग्नल नाही याचा अर्थ सेन्सर मेला असा होत नाही. रिंग, सेन्सर, वायर, कप्लर, फ्यूज, यांपैकी काहीही असू शकतं. कोड गल्ली दाखवतो, घर आपल्यालाच शोधावं लागतं. कोड बघितल्याबरोबर ‘मॉड्यूल बदलावं लागेल’ म्हणणाऱ्याला आधी वायर मोजायला सांगा. मॉड्यूल, म्हणजे एबीएसचा कॉम्प्युटर असलेला डबा, हा सगळ्यात महाग भाग आहे, त्याच्यावर शेवटी यायचं.

दुरुस्ती होईपर्यंत गाडी चालवावी का? चालवता येते, पण 2019 च्या आधी चालवत होतात तशी. ट्रेलर टाळायला अटल सेतूही कामाचा नाही: 12 जानेवारी 2024 ला त्याचं उद्घाटन झालं, पण दुचाकीला त्यावर प्रवेश नाही. जेएनपीटी बंदर 1989 मध्ये सुरू झालं तेव्हापासून ट्रेलरची सोबत आहे, आणि चार फाट्यापासून जासई-गव्हाणपर्यंत दुचाकीला ती अजूनही सुटलेली नाही. म्हणून अंतर दुप्पट ठेवा. लिव्हर एकदम आवळू नका. आधी भार पुढच्या चाकावर येऊ द्या, मग दाब वाढवा. वळणाच्या आधीच वेग उतरवा. आणि ट्रेलरमधून सांडलेल्या खडीवर एबीएस चालू असलं तरी गाडी लवकर थांबते असं नाही, कधी उलट लांबच जाते. तिथे एबीएस असलेल्या आणि नसलेल्या गाडीची लायकी सारखीच.

एक गोष्ट कोणाच्याही सांगण्यावरून करू नका. दिवा डोळ्यांत खुपतो म्हणून त्यावर काळी पट्टी चिकटवणारे आहेत, त्याची वायरच तोडून देणारेही आहेत. गाडी विकायला काढली की हा उद्योग जास्त होतो. विकत घेणारा बिचारा मूठ आवळतो ती एबीएसच्या भरवशावर. म्हणून जुनी गाडी घेताना चावी फिरवा आणि मीटर बघा. चावी फिरवल्यावर एबीएसचा दिवा लागलाच नाही, तर विझत नसलेल्या दिव्यापेक्षा ते जास्त वाईट समजा, आणि सौदा तिथेच थांबवून गाडी आधी स्कॅनरला लावा.