पुरात बुडालेलं लॉक

जुलै २०२१ च्या पुरात महाडच्या बाजारपेठेतलं माझ्या एका मित्राचं डीटीपीचं दुकान बुडालं. पाणी उंबऱ्यावर आलं तेव्हा त्याने जुन्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क काढली आणि माळ्यावर नेली. वीसेक वर्षांची कामं तिच्यात होती: लग्नपत्रिका, पतपेढ्यांचे अहवाल, पोलादपूरकडच्या गावांच्या स्मरणिका. डिस्क वाचली. खाली राहिलं ते प्रिंटरच्या पोर्टला लावलेलं बोटभर लॉक. ज्या मराठी सॉफ्टवेअरमध्ये ती कामं झाली होती, ते या लॉकशिवाय चालत नसे. गाळातून लॉक सापडलं, धुतलं, वाळवलं, पण चाललं नाही. दुसऱ्या कॉम्प्युटरवर फाइल उघडली की पडद्यावर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. “सगळं आहे रे आत,” तो म्हणाला, “फक्त वाचता येत नाही.”

एकाच कामासाठी बेतलेलं साधन घेताना आपण नेमकी कोणती किंमत मोजतो, हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्या मनातून गेलेला नाही.

या प्रश्नाचं मूळ शोधायला महाड तालुक्याबाहेर जावं लागत नाही. रायगड इथलाच, आणि स्वराज्याचा कारभार मोडी लिपीत चालायचा. शिवथरघळही इथलीच, समर्थांनी सांगितलेला दासबोध कल्याणस्वामींनी तिथे लिहून घेतला अशी परंपरा आहे, आणि असे ग्रंथ लिहायचे ते बाळबोध लिपीत, म्हणजे देवनागरीत. ग्रंथ सावकाश वाचायचा असतो, दूरच्या माणसाने वाचायचा असतो. हिशेब आणि हुकूम झपाट्याने लिहायचे असतात. म्हणून मोडी लिहिणारा आधी आडवी रेघ ओढून घेई आणि तिच्याखाली बोरू शक्यतो न उचलता अक्षरं जोडत जाई. ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही त्याने सोडून दिला होता. मला हे फार मोठं कौशल्य वाटतं: कामाचा वेग पाहून लिपीच घडवणं. विसाव्या शतकाच्या मध्याला शाळांतून मोडी गेली, आणि आज आजोबांचं खरेदीखत वाचून घ्यायला लोक मोडी वाचकाच्या दारात बसतात. वेगाचा फायदा लिहिणाऱ्याला मिळाला. त्याचा खर्च तीन-चार पिढ्यांनंतरच्या माणसावर पडला.

कॉम्प्युटरवर मराठी आली तेव्हा हाच पेच पुन्हा उभा राहिला. त्या वेळी दोन वाटा होत्या. पहिली वाट आयआयटी कानपूरला सुरू झालेल्या कामातून निघाली. मोहन तांबे हे त्यातलं प्रमुख नाव. पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक सुरू झालं आणि हे काम तिथे ‘जिस्ट’ म्हणून वाढलं. कॉम्प्युटरमध्ये एक वेगळं कार्ड बसवायचं, आणि ते कार्ड भारतीय लिप्या सांभाळणार. त्यामागचा विचार खोल होता. ‘कि’ साठवताना आधी ‘क’ आणि मग इकार, म्हणजे आपण उच्चारतो त्या क्रमाने; वेलांटी पडद्यावर अक्षराच्या अलीकडे काढण्याचं काम यंत्राचं. १९९१ मध्ये ‘इस्की’ हे भारतीय मानक ठरलं ते याच पायावर. त्यात अक्षराला क्रमांक होता, अक्षराच्या चित्राला नव्हता. पण प्रत्येक यंत्रात कार्ड घालण्याचा खर्च होता, आणि छपाईवाल्यांना हवं होतं पेजमेकर, पानं मांडायचं सॉफ्टवेअर.

म्हणून दुसरी वाट रुळली. फॉन्टमध्ये २५६ जागा. त्यांतल्या इंग्रजी अक्षरांच्या घरांत मराठीचे तुकडे बसवायचे: अर्धा ‘म’, काना, रफार, वेलांटी. यंत्राला वाटे आपण इंग्रजीच छापतोय. प्रत्येक कंपनीने हे तुकडे आपल्या सोयीने मांडले. या वाटेला मी हलकं लेखणार नाही. त्याआधी जुळारी शेकडो खान्यांच्या केसमधून शिशाचा एकेक खिळा उचलत असे. तालुक्याच्या गावात एका खोलीत बसून सुबक मराठी पान तयार होऊ लागलं ते या फॉन्टमुळे. माझा मित्र त्यावर घर चालवू शकला.

दूर अमेरिकेत एमआयटीमध्ये १९७० च्या दशकात एकाच कामासाठी साधन बेतण्याच्या विचाराचं टोक गाठलं गेलं. लिस्प या एकाच प्रोग्रामिंग भाषेसाठी अख्खं यंत्र बांधलं गेलं. १९८० मध्ये निघालेल्या सिम्बॉलिक्स कंपनीने ती यंत्रं विकली. एका माणसापुरतं यंत्र, आणि किंमत लाख डॉलरच्या घरात. चालू प्रोग्राम न थांबवता त्याच्या पोटात शिरून दुरुस्ती करता येई, आणि ज्यांनी त्यावर काम केलं ते अजून त्याची आठवण काढतात. पुढे साधी यंत्रं वेगवान झाली, १९८७ च्या सुमाराला तो बाजार कोसळला. कल्पना बऱ्याचशा इतर साधनांत गेल्या. त्या यंत्रापुरतं लिहिलेलं बरंच काही मात्र यंत्राबरोबर संपलं.

बरीच वर्षं मी यावरून असं मानत आलो की कामापुरतं बेतलेलं साधन म्हणजे उद्याचं नुकसान. महाडच्या एमआयडीसीत एका इलेक्ट्रिशियनने माझं हे मत बदललं. रसायनांच्या कारखान्यात पंप, झडपा, तापमान सांभाळणारं पीएलसी नावाचं छोटं कॉम्प्युटर असतं. त्याचा प्रोग्राम त्याने मला दाखवला: दोन उभ्या रेघा, मध्ये शिडीच्या पायऱ्या. प्रत्येक पायरीवर डावीकडे कॉन्टॅक्ट, उजवीकडे कॉइल. आयटीआयमध्ये शिकलेली रिलेची आकृती, जशीच्या तशी. “दादा, हे प्रोग्रामिंग नाही, वायरिंगच आहे,” तो म्हणाला. १९६० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या मोटार कारखान्यांसाठी पीएलसी तयार झालं तेव्हा हाच हेतू होता: रिले जाणणाऱ्या माणसाला नवी भाषा शिकावी लागू नये. पन्नास वर्षं उलटली, शिडी टिकून आहे. कारण ती एका डब्याची मालमत्ता राहिली नाही. १९९३ मध्ये आंतरराष्ट्रीय मानकात तिला जागा मिळाली, आणि वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं तीच आकृती दाखवू लागली. त्याच कारखान्यात एका जुन्या पॅनेलसाठी कपाटात कुलपात ठेवलेला जुना लॅपटॉपही मी पाहिला. त्या पॅनेलशी बोलणारं सॉफ्टवेअर फक्त त्याच्यावर चालतं. शिडी सगळ्यांना वाचता येते. तिथवर पोचायची वाट एका लॅपटॉपमधून जाते.

मोडीचा वेग किंवा फॉन्टची सोय यांत खोट नव्हती, हे मला तिथे कळलं. लिहिलेलं आणि लिहिण्याचं साधन एकमेकांपासून सोडवून ठेवायला हवं होतं. इस्कीने ते १९९१ मध्ये करून दाखवलं होतं. आज मोबाइलवर आपण जी मराठी लिहितो ती युनिकोडमधली, आणि युनिकोडमधली देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच घेतलेली आहे. २०१४ मध्ये मोडीलाही युनिकोडमध्ये जागा मिळाली. म्हणजे जिस्ट कार्ड गेलं, पण त्यातला विचार प्रत्येकाच्या खिशात आहे. कार्डाची किंमत तेव्हा आपल्याला जड वाटली याचं मला आज वाईट वाटतं.

मित्राच्या बऱ्याच फाइली कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आल्या. रफार चुकीच्या अक्षरावर बसतात, वेलांट्या पुढच्या शब्दात घुसतात. ते तो ओळ ओळ वाचून नीट करतो. एका स्मरणिकेचा फॉन्ट मात्र कोणत्याच कन्व्हर्टरला ओळखता आला नाही. तिची छापील प्रत पोलादपूरच्या एका घरात फडताळात निघाली, कडा कसरीने खाल्लेली. ती शेजारी उघडी ठेवून तो इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर पुन्हा टाइप करतो आहे, दुकान बंद झाल्यावर, रोज दोन पानं.