साखरेच्या दाव्यात न मोजलेला कोयता

ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी 2019 साली जागतिक व्यापार संघटनेकडे भारताच्या साखरेविरुद्ध दावा लावला. केंद्र सरकार उसाला एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, बांधून देते, ती मर्यादेबाहेरची मदत आहे आणि निर्यातीला दिलेले अनुदानही नियमात बसत नाही, अशी तक्रार होती. 14 डिसेंबर 2021 रोजी संघटनेच्या पॅनेलचा निकाल भारताच्या विरोधात गेला.

उसाचे पैसे सरकार नव्हे, कारखाने देतात, हे भारताचे म्हणणे पॅनेलने मानले नाही. भाव सरकारने बांधला की पैसा कोणाच्याही खिशातून जावो, तो आधारच ठरतो. हा आधार मोजताना आजचा भाव 1986-88 च्या किमतीशी ताडून पाहतात. अशा हिशेबात 10 टक्क्यांची मर्यादा ओलांडली जाणारच. हा नियम अन्यायाचा आहे आणि त्याविरुद्ध भारताने भांडणे रास्तच. त्यानंतर भारताने अपील केले. पण अमेरिकेने नेमणुका अडवल्याने अपील मंडळ डिसेंबर 2019 पासूनच ठप्प आहे. प्रकरण तिथेच अडले.

हे सारे भांडण शेतकऱ्याच्या नावाने चालले. ऊस तोडणारा त्यात कुठेच नाही.

दिवाळीच्या आगेमागे बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार भागातून टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल हंगामभर फेडायची. एक दिवस फडावर गेले नाही तर खाडा, आणि त्याचा दंड हिशेबात. या खाड्याच्या धाकाने पाळीचा, अंगावर जाण्याचा त्रास बायका अंगावरच काढतात. 2019 मध्ये बीडमधल्या 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली, तेव्हा त्यातल्या 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. साखरेची खरी किंमत मोजायची तर हा आकडा बाहेर ठेवून कसे चालेल?

महाराष्ट्रात कारखाना तोडणी-वाहतुकीचा खर्च वजा करूनच शेतकऱ्याला एफआरपी देतो. म्हणजे व्यापार संघटनेत ज्या भावावर वाद झाला, त्याच्या पोटातच कोयत्याची मजुरी आहे. 2023-24 च्या हंगामात 10.25 टक्के उताऱ्याला एफआरपी टनाला 3,150 रुपये होती. त्याच हंगामात, जानेवारी 2024 मध्ये, तोडणीदर 34 टक्क्यांनी वाढून टनाला 273 वरून 366 रुपयांवर आला, तोही दोन माणसांच्या कामाचा.

याच संघटनेच्या मासेमारी अनुदानांवरील करारात मजुरांचा प्रश्न निदान टेबलावर तरी आला होता. बोटींवरच्या वेठबिगारीची नोंद व्हावी, असा प्रस्ताव अमेरिकेने 2021 मध्ये मांडला. पुढच्या जूनमध्ये संमत झालेल्या आणि 15 सप्टेंबर 2025 पासून अमलात आलेल्या करारात मात्र तो उतरला नाही. लहान मच्छीमारांसाठी भारत 25 वर्षांची मुदत मागतो, ती योग्यच. पण गरिबाच्या नावाने सवलत मागायची, तर ती त्याच्या हातात किती पडते हेही दाखवावे लागेल.

कारखान्यांकडून टनामागे 10 रुपये घेऊन गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे ऊसतोड कामगार महामंडळ चालवायचे ठरले, ते चांगलेच झाले. तोडणीचा दर मात्र अजून संप, वाटाघाटी आणि नेत्यांच्या लवादावरच ठरतो. उसाचा भाव केंद्राच्या आदेशाने बांधता येतो, तर त्याच आदेशात तोडणीचा किमान दर वेगळा नमूद करायला केंद्राला अडचण नसावी.