वारी घडते ती कोणाच्या बळावर?

आषाढी जवळ आली की आपल्या मंडळींच्या तोंडी एक वाक्य हमखास येते. "इच्छा असली की वारी घडतेच हो!" वाक्य गोड आहे. एका भाविकाने दुसऱ्याला धीर देण्यासाठी ते म्हटले तर त्यात वावगे काही नाही. परंतु ह्याच वाक्याला दुसरी एक धार आहे. वारी घडली ती माझ्या इच्छेने, असे एकदा ठरले, की ज्याची घडली नाही त्याची इच्छाच कमी पडली, असा निवाडा न बोलताही होऊन जातो. हा निवाडा खरा आहे काय, एवढाच विचार येथे करावयाचा आहे.

समजा, एका घरी दोघे भाऊ आहेत. थोरला वीस वर्षे पायी वारी करतो. ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींच्या पालखीचे आळंदीहून प्रस्थान होते, आणि तेथून पंढरपूर सुमारे 250 किलोमीटर. जाऊन येऊन महिना मोडतो. नेमका हाच महिना पेरणीचा. वाफसा कोणाची वाट बघत नाही. दावणीला दोन बैल, एक गाभण म्हैस, आतल्या खोलीत अंथरुणाला खिळलेला बाप. हे सारे धाकट्याच्या गळ्यात. थोरला परत आला की गाव त्याच्या पाया पडते, त्याला बुवा म्हणते. धाकट्याला कोणी काही म्हणत नाही. मग एखाद्या संध्याकाळी पारावर कोणी विचारते, "बुवा, वीस वर्षांत एक वारी चुकली नाही, हे जमतं कसं?" आणि बुवा सहज बोलून जातात, "इच्छा लागते बाबा!" धाकटा तेथेच मागे बसून ऐकत असतो.

थोरला खोटे बोलला काय? मुळीच नाही. त्याच्या पायाला फोड आले ते खरे, पावसात भिजला ते खरे, नामस्मरण केले तेही खरे. चूक एवढीच, की त्याने आपल्या पायांचा हिशेब मांडला आणि ज्या पाठीवर घर उभे होते तिचा मांडायचा राहिला. शिवाय दोघांच्या मागे घरातल्या बायका. त्यांनी पहाटे उठून भाकरी थापल्या, म्हाताऱ्याचे सारे केले, आणि "मालक वारीला गेलेत" असे अभिमानाने सांगितले. "तुम्हाला नाही का जायचं?" असे त्यांना क्वचितच कोणी विचारले असेल.

आता कोणी म्हणेल, "बुवा तर म्हणतात, सगळे विठ्ठलाने करविले. ह्यात अहंकार कोठे आला?" येथेच थोडे थांबले पाहिजे. "देवाने दिले" हे शब्द नम्र आहेत, पण ते फार लवकर उच्चारले तर मधले सगळे हात पुसले जातात. देव देतो तो कोणाच्या तरी हाताने देतो. त्या हाताला ओळख न देता थेट देवाचे आभार मानणे म्हणजे वाढणाऱ्याकडे न बघता यजमानाला नमस्कार करून उठण्यासारखे आहे.

वारीच्या वाटेवरच ह्याचा धडा उघडा मांडलेला आहे. नीरेचा डावा कालवा 1885 च्या सुमारास सुरू झाला आणि बारामती-इंदापूरकडे पाणी गेले. पुढे उजव्या कालव्याने फलटण-माळशिरसकडची जमीन भिजली. पालख्या ह्याच मुलखातून जातात. कालव्याच्या खालच्या अंगाला उसाचे मळे, आणि वरच्या अंगाला, जेथे पाणी चढत नाही, तेथे कुसळे. दोन्हीकडच्या आजोबांनी घाम गाळला. बैल दोघांचेही राबले. पण कालव्याची रेघ कोठून जावी हे ठरवणारा तिसराच. आज मळ्यातला नातू म्हणतो, "आमच्या आज्यानं कष्टानं कमावलं." खरे आहे बाबा, पण वरच्या अंगाच्या आज्यानेही तेवढेच कष्ट केले, त्याच्या कष्टाला पाणी मिळाले नाही, एवढेही त्याच दमात म्हणावे.

आणखी एक उदाहरण तर आपल्या स्नानाचेच आहे. भीमेवर उजनीचे धरण 1980 साली पुरे झाले. त्याच्या पोटात इंदापूर, करमाळा, दौंड, कर्जत ह्या तालुक्यांतल्या गावांची जमीन गेली. पळसदेवचे जुने शिवमंदिर पाण्याखाली गेले. कडक उन्हाळ्यात पाणी ओसरले की ते दिसते. पाऊस लांबलेल्या वर्षी आषाढीच्या स्नानासाठी ह्याच उजनीचे पाणी नदीत सोडतात. आपण चंद्रभागेत बुडी मारून "पावन झालो" म्हणतो, ते ठीकच. पण त्या ओंजळीत कोणाचे तरी अंगण, कोणाची तरी विहीर, कोणाचे तरी देऊळ बुडालेले आहे. ते आठवल्याने स्नानाचे पुण्य उणे होत नाही. ओंजळ मात्र जड होते.

ह्यावर एक जुना आक्षेप येतो. "हे ज्याचे त्याचे प्रारब्ध. पूर्वपुण्य असेल त्याला अनुकूलता मिळते, नसेल त्याला मिळत नाही." प्रारब्धाचा विचार आपल्या परंपरेत आहे, तो नाकारण्याचे कारण नाही. परंतु तो कोठे लावावा ह्याचा विवेक हवा. स्वतःच्या दुःखाला लावला तर धीर मिळतो. दुसऱ्याच्या दुःखाला लावला तर काळीज दगड होते. आणि स्वतःच्या सुखाला लावला तर अहंकाराला देवघरातच जागा मिळते.

चोखोबांचेच पाहा. विठ्ठलाच्या भक्तीत त्यांच्यापुढे कोण उभा राहील? तरी त्यांना देवळात जाता येत नव्हते. त्या काळी गाभाऱ्यापर्यंत गेलेल्या हजारो लोकांचे पुण्य चोखोबांहून अधिक होते असे म्हणण्याचे धाडस आज कोणी करील काय? त्यांना जन्माने दार उघडे मिळाले होते, इतकेच. उघड्या दारातून जाणाऱ्याला दार दिसत नाही. ते बाहेर उभे राहणाऱ्याला दिसते. पुढे मंगळवेढ्यास भिंत कोसळून चोखोबांचा अंत झाला, आणि नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी आणून महाद्वारी समाधी केली असे परंपरा सांगते. तरीही ते दार सर्वांना उघडायला शेकडो वर्षे लागली. 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींनी त्यासाठी उपोषण मांडले. ते स्वतः जन्माने दाराच्या आतले होते. आपल्याला मिळालेले दार दिसणे म्हणजे काय, हे त्यांच्या उपोषणाने दाखवले.

तुकोबारायांचे चरित्रही असेच बोलते. घरी पिढीजात वारी होती, महाजनकी होती, देणेघेणे होते. म्हणजे अनुकूलता घेऊनच ते जन्मले. 1630 च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला, त्यात घरातले माणूस अन्नावाचून गेले. पुढे त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडली, भावाचा वाटा मात्र भावाला दिला, अशी कथा आहे. ह्यात आपल्याला शिकण्यासारखे असे, की ज्या दुष्काळाने ऋणको बुडाला त्याच दुष्काळाने सावकाराचेही घर गाठले होते. एकाच्या हाती खत होते आणि दुसऱ्याचा त्यावर अंगठा होता, हा फरक लायकीचा नव्हे हे ज्याला कळले, त्याच्या हातात ते खत राहीना.

"मग कष्टाला काही मोलच नाही काय?" असेही कोणी विचारील. आहे, फार आहे. पाऊस पडला तरी पेरल्यावाचून उगवत नाही. अनुकूलता ओळखणे म्हणजे स्वतःला कमी लेखणे नव्हे, की मिळालेल्या सुखाची लाज वाटून घेत कुढत बसणेही नव्हे. कुढणाऱ्याचे लक्ष पुन्हा स्वतःवरच असते. ओळख खरी झाली की तिची खूण दोन ठिकाणी दिसते. बोलताना "मी" जरा सावकाश येतो, आणि मागे राहिलेल्याबद्दल "त्याने केलं असतं तर त्यालाही जमलं असतं" हे वाक्य ओठावरच अडते.

हा विचार व्यवहारात कसा आणावा? रात्री हरिपाठ झाल्यावर घटकाभर बसून आज जे सुखाने पार पडले त्यातले एकच काम घ्यावे आणि ते कोणाकोणाच्या हातून आले ते नावानिशी आठवावे. नुसते "सर्वांची कृपा" म्हणून उरकू नये, नाव घ्यावे. हे पान तुम्ही वाचता आहात, तर अक्षर कोणी शिकवले? तुम्ही शाळेत होता तेव्हा धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन घरी कोणती बहीण थांबली होती? कित्येक घरांत आजीला सारा हरिपाठ मुखोद्गत असतो आणि त्यातले एक अक्षर वाचता येत नाही. तिची बुद्धी कमी होती काय?

नाव आठवले की हाताला काम सापडते. थोरल्याने एखाद्या वर्षी धाकट्याच्या खांद्यावर पताका द्यावी आणि म्हणावे, "अवंदा तू जा. पेरणीचं मी बघतो, आबांचंही बघतो." घरच्या लक्ष्मीच्या डोईवर तुळशीवृंदावन द्यावे आणि चूल आपण सांभाळावी. वीस वर्षांचा नेम मोडेल खरा. पण देव भेटीला आला असता पुंडलिकाने मायबापांची सेवा सोडली नाही, वीट पुढे टाकून त्यालाच थांबविले, आणि देव रागावला नाही. तो अजून थांबलेलाच आहे. ज्या पंढरीला आपण चालत जातो ती एका घरी राहणाऱ्याच्या पुण्याईने वसली. तेव्हा वीस वर्षे बापाची कूस बदलणारा तो धाकटा वारी चुकलेला म्हणावा की वारीच्या उगमाशी बसलेला, हे ज्याचे त्याने ठरवावे.

यंदा प्रस्थानापूर्वी उंबऱ्याच्या आत राहणाऱ्या माणसाच्या पायांवर आधी डोके ठेवावे, मग पडशी उचलावी.

रामकृष्णहरि.